तो तुजो पेशंट न्हय

पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. मागे कलंडणारी बाई आणि तिच्यावर दोन्ही हात पसरून उभा असलेला लांब झग्यातला पाद्री. आपलेच शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ पासून तिथं उभा आहे. मी मानसशास्त्र शिकायला पुण्याला जाणार हे ठरलं, तेव्हा माझ्या एका मावशीने त्या पाद्र्यासारखे हात पसरून मला विचारलं होतं, "मागीर तूं अशें करतलें?" घरात सगळे हसले. मीही हसले. पुढं तीस वर्षं हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला. म्हणजे तुम्ही नक्की करता काय? नुसतं बोलता? आणि त्याचे पैसे घेता?

गंमत म्हणजे कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या फारियाचं म्हणणं पुतळ्याच्या उलट होतं. त्याच्या काळात पॅरिसमध्ये मेस्मरच्या पंथाचे लोक सांगत, की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसला तरी चुंबकी द्रव वाहतो. फारिया म्हणाला, तसलं काही नाही. जे होतं ते झोपणाऱ्याच्या मनातून होतं, झोपवणाऱ्याच्या हातातून नव्हे. १८१९ साली त्याचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी तो वारला. पुतळ्यात मात्र सगळा जोर हातांवर आलेला आहे. असो. पुतळ्यात दुसरं दाखवणार तरी काय!

यंदा माझी भाची एम. ए. झाली. तिला भूकंप, पूर असल्या ठिकाणी जाऊन काम करायचंय. "मावशी, तिथं गेल्यावर पहिल्या दिवशी करतात काय?" असं तिनं विचारलं आणि मी तिला जे उत्तर दिलं ते माझं मलाच पटलं नाही. फारच पुस्तकी झालं. म्हणून हे लिहायला बसले. (ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांच्या खुणा मी बदलल्या आहेत. बाबांच्या तेवढ्या बदललेल्या नाहीत.)

माझे बाबा कुवेतला होते. एका कंपनीत स्टोअरकीपर. दोन वर्षांतून एकदा यायचे, तेव्हा घरात साबणांचा नि खजुराचा वास यायचा. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. त्यानंतर दीड महिना आम्हाला काहीच कळलं नाही. टेलिफोन शेजारच्या घरी होता. तो वाजला की आई हातातलं काम टाकून कुंपणाशी जाऊन उभी राहायची. त्या वर्षीची चवथ कशी झाली मला आठवत नाही. त्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत एअर इंडियाने जॉर्डनमधल्या अम्मानहून एक लाखाहून जास्त भारतीयांना मुंबईत आणलं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर सिनेमाही निघाला. पण अम्मानपर्यंत पोहोचायचं म्हणजे बसने आधी बगदाद, मग वाळवंट, आणि मग इराक नि जॉर्डन यांच्या मधल्या कुणाच्याच नसलेल्या जमिनीवरच्या तंबूंत वाट बघत बसायचं. बाबा तिथं किती दिवस होते ते आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नाही. सप्टेंबरच्या अखेरीला एक बॅग घेऊन ते दारात उभे राहिले, इतकंच.

आल्यावर ते चांगले वागत होते. खात होते, भाटात जात होते, पाडेल्याशी नारळांचा हिशेब करत होते. फक्त एक केलं. म्हापशाच्या बाजारातून पाच लिटरचा निळा प्लॅस्टिकचा कॅन आणला, तो विहिरीच्या पाण्याने भरला आणि आपल्या खाटेशी ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाणी अबोलीला घातलं आणि पुन्हा भरून ठेवला. तेव्हापासून रोज. घरात विहीर, पुढं नळ आला, टाकी आली, तरी कॅन भरणं चालूच. आई त्याविषयी काही बोलत नसे, म्हणून आम्हीही बोलत नसू.

मी मानसशास्त्र घेतलं ते यामुळे, असं पुढं मुलाखतीत वगैरे सांगायची मला सवय लागली. खरं म्हणजे मला मार्क कमी होते. पण तेही कारण असेल.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला लातूर-उस्मानाबादेत जमीन हलली. किल्लारी, सास्तूर ही नावं तोवर मी ऐकलीही नव्हती. धक्का ६.२ चा, त्याहून मोठे धक्के पचवून माणसं जिवंत राहिल्याचे दाखले जगात पुष्कळ आहेत. इथं माणसं मारली ती घरांनी. दीड-दोन हात रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरं एका झटक्यात झोपलेल्यांवर बसली. मेलेल्यांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरातला आहे, लोक त्याहून जास्त सांगतात.

दिवाळीनंतर आम्ही विद्यार्थी तिकडे गेलो. प्रत्येकीच्या झोळीत प्रश्नावली, एक वही आणि एका परदेशी लेखाची झेरॉक्स. त्या काळी या क्षेत्रात एक पद्धत जोरात होती. जेफ्री मिशेल नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९८३ मध्ये ती मांडली होती, मुळात आगीच्या बंबावरच्या आणि ॲम्ब्युलन्सवरच्या लोकांसाठी. भयंकर प्रसंग पाहिलेल्यांना लवकरात लवकर एकत्र बसवायचं, काय झालं ते क्रमाने सांगायला लावायचं, मग काय वाटलं ते सांगायला लावायचं. आत साठू द्यायचं नाही. कुठलंही गळू फोडावं तसं. ऐकायला ते इतकं पटण्यासारखं होतं की कुणाला शंका येऊ नये. आपल्याकडेही म्हणतातच की, रडून मोकळं हो बाई.

माझ्या वाट्याला पत्र्याच्या शेडमधली एक आजी आली. सून आणि दोन नातवंडं गेली होती. मी खाली गोणपाटावर बसले आणि विचारलं, त्या रात्री काय झालं ते सांगाल का. आजीने सांगितलं. अगदी सपाट आवाजात. तलाठ्याला, पत्रकारांना, पंचनाम्याला, असं किती वेळा सांगून झालं असेल कोण जाणे. माझ्या झेरॉक्समध्ये पुढची पायरी होती ती मी विचारली. "तेव्हा तुम्हाला काय वाटलं, आजी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिचे हात थरथरायला लागले. मी वहीत तसं लिहिलं. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मुलगा आमच्या तंबूशी आला. रागावलेला नव्हता, फार थकलेला होता. म्हणाला, "ताई, आता येऊ नका तुम्ही. आई रात्रभर बाहेर बसून होती. आतापर्यंत झोपत तरी होती." आणि जाता जाता, मागे वळून, "तुम्ही जाताल. आम्हाला इथंच राहायचंय."

त्या दौऱ्यात आमच्या हातून एखादं बरं काम झालं असेल तर ते वेगळंच होतं, आणि ते आमचं नव्हे. बायकांना अंघोळीला आडोसा नव्हता. पत्र्याच्या रांगा समोरासमोर, मधे उघडी जागा, दिवसभर गाड्या नि पाहुणे. बायका पहाटे तीनला उठून अंधारात अंघोळी उरकत होत्या आणि आम्ही प्रश्नावलीत लिहीत होतो: झोप लागत नाही. तिथल्याच एका अंगणवाडीच्या ताईने पोती आणि बांबू मिळवून चार आडोसे उभे केले. मग तिनेच मदतीत आलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग मधे टाकला आणि बायकांना गोधड्या शिवायला बसवलं. शिवता शिवता कुणी बोलत होत्या, कुणी नुसत्या टाके घालत होत्या. ती आजी तिथं यायची. मी लांबून बघायची.

पण मला शहाणपण आलं ते तेव्हा नव्हे. मला वाटलं, माझं तंत्र कच्चं पडलं.

म्हणून मे १९९४ मध्ये परीक्षा देऊन घरी आले तेव्हा मी बाबांना सोप्यावर गाठलं. वही घेतली नव्हती, एवढी अक्कल होती. म्हटलं, बाबा, कुवेतहून येताना काय काय झालं ते मला सांगा ना. सगळं, सुरुवातीपासून. मनात ठेवणं बरं नसतं. ते बराच वेळ माडांकडे बघत बसले. मग उठले, पायात वहाणा घातल्या आणि भाटात गेले. रात्री जेवायला आले ते माझ्याशी बोलले नाहीत. चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी आई मला विहिरीकडे घेऊन गेली आणि घागर बुडवता बुडवता म्हणाली, "आयक. तो तुजो पेशंट न्हय."

मी रागावले. मला वाटलं, हिला काही कळत नाही.

नंतरची काही वर्षं भरभर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. शाळांतून समुपदेशन केलं. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती माझ्याकडे नाही, मी समुपदेशकच. पगार करारावर, कधी तीन महिन्यांनी. माझी खोली बहुतेक शाळांत शिपायाच्या स्टुलाशेजारी किंवा क्रीडासाहित्याच्या कपाटामागे असे. तिथं यायला मुलं घाबरायची, कारण पणजीच्या आल्तिनोवरचं जुनं 'पिशांचें हॉस्पिटल' सगळ्यांना ठाऊक होतं आणि माझ्याकडे येणं म्हणजे तिथली पहिली पायरी अशी समजूत होती.

त्या काळात, २००२ च्या अखेरीस, म्हापशाच्या एका सायबर कॅफेत बसून मी एक लेख वाचला. ज्या पद्धतीची झेरॉक्स घेऊन मी किल्लारीला गेले होते, तिच्यावर झालेल्या प्रयोगांचा सगळा हिशेब एकत्र मांडलेला. निष्कर्ष असा, की प्रसंगानंतर लगेच माणसाला एकदा बसवून सगळं सांगायला लावण्याने पुढचा त्रास टळतो याला पुरावा नाही. उलट काही ठिकाणी त्रास वाढल्याचं दिसतं. त्यात भाजलेल्या रुग्णांवरचा १९९७ चा एक अभ्यास होता. ज्यांना असं बोलतं केलं होतं त्यांच्यापैकी २६ टक्के लोकांना तेरा महिन्यांनंतरही त्या आघाताचा आजार होता. ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं त्यांच्यात ९ टक्के.

तासाला तीस रुपये पडत होते तिथं, पण मी बराच वेळ तशीच बसून राहिले. आजीच्या मुलाला हे नऊ वर्षं आधी एका रात्रीत कळलं होतं.

याचा अर्थ बोलू नये असा नाही, हे भाचीलाही सांगितलं. ज्याला बोलायचंय त्याला अडवू नये, आणि पुढं ज्याला खरा आजार जडतो त्याच्यासाठी उपचार आहेत, त्यांत त्या आठवणींपर्यंत हळूहळू जावंही लागतं. पण ते महिन्यांनी, ओळख झाल्यावर, त्या माणसाच्या चालीने, आणि पुन्हा भेटणाऱ्या माणसाकडून. दोन दिवसांसाठी आलेल्या पोरीकडून नव्हे.

२६ डिसेंबर २००४, रविवार. त्सुनामीत एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली. वेलंकणी त्याच जिल्ह्यात. गोव्यातून तिथं दरवर्षी किती लोक जातात ते आपल्याला माहीत आहे. त्या सकाळी तिथं यात्रेकरूही सापडले. फेब्रुवारीत मी तिकडे गेले, दोन महिन्यांसाठी.

मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. ऐकण्याचा धंदा करणारी बाई आणि ऐकायला येत नाही! तीन स्थानिक मुली दुभाषी म्हणून दिल्या होत्या, विशी-बाविशीच्या. एके दिवशी एक कोळीण जवळजवळ दहा मिनिटं बोलली. हातवारे करून, समुद्राकडे बोट दाखवून. संपल्यावर मी माझ्या दुभाषी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "तिचा मुलगा गेला." एवढंच? ती मान खाली घालून गप्प. मग त्या कोळणीनेच तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. संध्याकाळी दुसऱ्या मुलीकडून कळलं, हिचा धाकटा भाऊही त्याच किनाऱ्यावर गेला होता. दीड महिना ती रोज आठ-आठ तास दुसऱ्यांची दुःखं तमिळमधून इंग्रजीत नेत होती आणि तिला कुणी, म्हणजे मीसुद्धा, विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी काय केलं असं भाचीला विचारायचं असेल तर उत्तर असं: मी तिघींचं वेळापत्रक केलं. दिवसाला चार तास, आठवड्याला दोन सुट्ट्या, दुपारी जेवण एकत्र. आणि जिचं माणूस गेलंय तिने त्या वाडीत जायचं नाही. हे करायला मला समुपदेशनाची पदविका लागली नाही, पण ती नसती तर मला तिथं कुणी जाऊही दिलं नसतं.

तिथलं आणखी एक लिहून ठेवते. मुलं गेलेल्या कितीतरी बायकांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली होती. त्यांच्यासाठी सरकारने नळ्या पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया मोफत केली. बाहेरून गेलेल्या आमच्यातल्या काही जणांना ते घाईचं वाटलं, शोकाला वेळ द्यायला हवा, वगैरे. दवाखान्यात नाव घालून आलेली एक बाई त्या दिवशी पहिल्यांदा केस विंचरून बसलेली मी पाहिली. तिला पुढं मूल झालं की नाही मला माहीत नाही. आणि पुरुषांचं म्हणाल तर होड्या नि जाळी येईपर्यंत ते रिकामे बसून होते, मदतीचे पैसे हातात, दारूचं दुकान जवळ. जाळी आल्यावर ती दुरुस्त करायला जे हात लागले, त्यांच्यातल्या काहींची झोप परत आली. सगळ्यांची नव्हे.

२००७ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून अशा कामाची मार्गदर्शक सूत्रं काढली. त्यात एक पिरॅमिड आहे. तळाला पाणी, अन्न, निवारा, सुरक्षितता, आणि ती माणसाचा मान ठेवून दिलेली. त्यावर कुटुंब आणि गाव यांचा आधार पुन्हा उभा करणं. त्यावर जरा प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांची मदत. आणि अगदी वर, टोकाला, मानसोपचारतज्ज्ञ वगैरे मंडळी. ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला अंगणवाडीच्या ताईचे चार आडोसे आठवले. ते तळाला होते. आम्ही झोळ्या घेऊन टोकाकडून सुरुवात केली होती. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'मानसिक प्रथमोपचारा'ची पुस्तिका काढली, तिचं सार तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. बोलायला भाग पाडू नका असं तिच्यात स्पष्ट छापलेलं आहे.

आता गोव्याकडे येते, कारण माझी जास्तीत जास्त वर्षं इथंच गेली.

इथं माझ्याकडे येऊन 'मला नैराश्य आलंय' असं वीस वर्षांत फार थोड्यांनी म्हटलं. म्हणतात ते असं: न्हीद पडना. तकली भणभणता. काळजांत धडधडता. हुसको लागला. बायका त्याहून आडवळणाने येतात. अंग मोडून येतं, अंगावरून पांढरं जातं. उत्तर गोव्यातल्या स्त्रियांमध्ये २००० नंतरच्या वर्षांत यावर मोठा अभ्यास झाला, आणि असं आढळलं की पांढरं जाण्याच्या या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या ताणाशी अधिक आहे. कितीतरी बायकांना वर्षानुवर्षं त्यासाठी गोळ्या दिल्या जात होत्या. घरी नवरा दारू पिऊन येतो का, हे विचारायला मात्र दवाखान्यात कुणाला वेळ नव्हता.

पुढं विक्रम पटेल आणि त्यांच्या 'संगाथ' संस्थेच्या मंडळींनी गोव्यात 'मानस' नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. २४ दवाखाने घेतले, निम्मे सरकारी आणि निम्मे खासगी डॉक्टरांचे. काही ठिकाणी डॉक्टरांच्या जोडीला समुपदेशनासाठी स्थानिक मुली नेमल्या, ज्यांनी मानसोपचार कधी शिकलेला नव्हता. त्यांना प्रशिक्षण दिलं. सरकारी आरोग्य केंद्रांत त्या मुलींमुळे रुग्ण बरे होण्याचं प्रमाण चांगलंच वाढलं. खासगीत तसा फरक दिसला नाही. प्रयोगाची ख्याती जगभर झाली. आणि मला, खरं सांगायचं तर, आधी पोटात दुखलं. दोन पदव्या घेऊन मी जे करत होते ते बारदेशातली एखादी पदवीधर मुलगी थोड्या प्रशिक्षणाने करू शकते? करू शकते. मी पुढं अशा मुलींना शिकवायला गेले तेव्हा पाहिलं, त्यांना मला शिकवावं लागत नव्हतं ते म्हणजे कुठं गप्प बसायचं. ते त्या घरूनच शिकून आल्या होत्या.

आपल्याकडे गाऱ्हाणं घालतात, ते मी लहानपणापासून पाहत आले. पेडण्याकडे आणि सिंधुदुर्गात तर अगदी थाटात. घरावर काही संकट आलं की कुटुंब देवापुढं उभं राहतं आणि गाऱ्हाणं घालणारा मोठ्याने सगळं बोलतो, ह्या लेकराला असं असं झालंय, तें दूर कर महाराजा. मागचे म्हणतात, व्हय महाराजा. ज्याचं दुःख आहे तो माणूस हात जोडून नुसता उभा. त्याला एक शब्द बोलावा लागत नाही, तरी दुःख सांगून झालेलं असतं, आणि चारचौघांनी त्याला होकार दिलेला असतो. मी देवदेवस्कीवाली नाही. घाड्यांच्या नादी लागून औषधं बंद केलेल्या माणसांचे हाल मी पाहिलेत, त्यावर पुन्हा कधी लिहीन. पण गाऱ्हाणं ही युक्ती कुणी शोधून काढली असेल त्याला मी माझ्या कुठल्याही प्राध्यापकाच्या आधी नमस्कार करीन.

२०२० च्या टाळेबंदीत मी फोनवर काम केलं. आमच्याकडे साष्टीतून फार फोन येत, तारवट्यांच्या घरून. मुलगा जहाजावर, जहाज समुद्रात, बंदरात घेत नाहीत, विमानं बंद. एक आई रोज संध्याकाळी सातला फोन करायची. पहिल्या दिवशी मी तिला श्वासाचा व्यायाम सांगितला. ती शांतपणे म्हणाली, तो मी रोज रोजारीत करते. तिला हवं होतं ते एवढंच, की सरकारी नोंदणीचा फॉर्म कुणीतरी नीट भरून द्यावा आणि जहाज आज कुठं आहे ते सांगावं. पुढचे अकरा दिवस मी तिला जहाज कुठं आहे ते सांगितलं. (आता अशा वेळी १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, रात्रीबेरात्रीही उचलतात. लिहून ठेवा.)

बाबांचं राहिलं.

२००९ चा मे महिना. मी मुलाला घेऊन घरी गेले होते, तो आठ वर्षांचा होता. संध्याकाळी लाईट गेली होती. मी आत आदोळीवर नारळ खवत बसले होते आणि बाबा विहिरीवरून कॅन भरून आणून सोप्यावर टेकले होते. मुलाने विचारलं, "आबा, तूं सदांच हें उदक कित्याक भरून दवरता?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणी असा विचारला नव्हता.

बाबा म्हणाले, "एकदां म्हाका उदक मेळूंक नाशिल्लें." मग थोड्या वेळाने पुढचं सांगितलं. वाळवंटातल्या तंबूंत दिवसातून एकदा पाण्याचा टँकर यायचा. रांग लागायची. एके दिवशी त्यांच्या पुढं उभी असलेली एक बाई, कुठल्या देशाची ते ठाऊक नाही, कडेवर मूल, ती चक्कर येऊन पडली. तिची जागा रिकामी झाली. बाबा पुढं सरकले. नळीखाली आपली बाटली धरली. टँकरमधलं पाणी संपत आलं होतं.

"म्हाका उदक मेळ्ळें," बाबा म्हणाले. "तिका मेळ्ळें काय ना, म्हाका खबर ना."

"मागीर?"

"मागीर कितें? विमान."

मुलाला विमानात रस होता. किती मोठं होतं, जेवायला काय दिलं, खिडकी मिळाली का, हे सगळं त्याने विचारलं आणि बाबांनी सांगितलं. मी आत होते. खवलेला नारळ ताटात पडलेला, हात थांबलेला. इतकी वर्षं मी धरून चालले होते की बाबांवर काहीतरी गुदरलं. त्यांच्या हातून काही झालं असेल हे माझ्या कुठल्याच प्रश्नावलीत नव्हतं. बाहेर जावं, त्यांच्याशेजारी बसावं, 'तुमची चूक नव्हती' असं म्हणावं, हे सगळं माझ्या जिभेवर आलं. तेवढ्यात आईने अंधारातच माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी गेले नाही. उरलेली वाटी खवली.

बाबा २०१३ मध्ये वारले. त्याविषयी ते पुन्हा बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. कॅन शेवटपर्यंत भरत होते. शेवटच्या वर्षी त्यांना उचलवेना, तेव्हा मुलगा भरून ठेवायचा. तो आता कामाला बेंगळुरूला आहे. मागच्या चवथीला आला तेव्हा त्याने विचारलं, आई, तो निळा कॅन कुठंय? मी म्हटलं, माळ्यावर असेल. त्याने शिडी लावली.